मुलांची स्थूलता आणि वस्तीचा आरोग्य मेळावा

निवासी शाळेच्या स्मरणिकेत भुकेविषयी लिहिले गेले तर ते स्वाभाविक वाटते; स्थूलतेविषयी लिहिणे मात्र अनेकांना अस्थानी वाटेल. ज्या समाजातील आजच्या आजी-आजोबांनी भाकरीच्या चतकोरासाठी दुसऱ्याच्या बांधावर राबून दिवस काढले, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर लेकरे जगवली, त्या समाजात मुलाचे गुबगुबीत गाल हे सुखाचेच लक्षण मानले गेले. १९२५ साली सोलापूरला बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह सुरू झाले. तेव्हापासून आपल्या वसतिगृहांची पहिली कसोटी एकच राहिली आहे: लेकराला दोन वेळचे पोटभर मिळते की नाही. ती कसोटी आजही संपलेली नाही. परंतु तिच्या शेजारी आता दुसरी कसोटी येऊन उभी राहिली आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहावेत. २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी १.९ टक्के बालके अतिवजनाची होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ४.१ टक्के झाले. म्हणजे अवघ्या चार-पाच वर्षांत ते दुपटीहून अधिक वाढले. त्याच पाहणीत त्याच वयोगटातील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, तर ३६.१ टक्के बालके कमी वजनाची आढळली. एकाच राज्यात, एकाच वस्तीत, पुष्कळदा एकाच घरात कुपोषणाची ही दोन्ही रूपे एकत्र नांदत आहेत. जगाचे चित्रही याहून निराळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५ ते १९ या वयोगटात १९९० साली ८ टक्के मुले अतिवजनाची होती. २०२२ साली ती २० टक्के झाली.

या प्रश्नावर एकट्या घराने किंवा एकट्या शाळेने उपाय करणे कठीण आहे. म्हणून वस्तीने एकत्र येऊन मुलांसाठी आरोग्य मेळावा कसा भरवावा, त्यात काय असावे, काय कटाक्षाने टाळावे आणि मेळावा संपल्यावर काय उरावे, याचा विचार या लेखात मांडला आहे.

स्थूलता कशी ओळखावी

अंगकाठी पाहून स्थूलता ठरवता येत नाही. त्यासाठी शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजेच बीएमआय, काढतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. एखाद्या मुलाचे वजन ४० किलो आणि उंची १४० सेंटिमीटर असेल, तर १.४ चा वर्ग १.९६ होतो आणि ४० ला १.९६ ने भागले असता निर्देशांक सुमारे २०.४ येतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रौढ माणसाचा निर्देशांक २०.४ असेल तर चिंतेचे कारण नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र तोच आकडा अतिवजनाकडे बोट दाखवतो. मुलांचे शरीर सतत वाढत असते. म्हणून त्यांचा निर्देशांक वय आणि लिंग यांनुसार आखलेल्या वाढीच्या आलेखावर मांडूनच वाचावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलामुलींसाठी २०१५ साली असे आलेख प्रसिद्ध केले आहेत. त्यांत अतिवजनाची रेषा प्रौढांच्या २३ या निर्देशांकाशी आणि स्थूलतेची रेषा २७ शी जुळवलेली आहे. पाश्चात्त्य देशांत प्रौढांसाठी २५ आणि ३० हे आकडे धरतात. आपल्याकडे ते खाली का आणले, याचे उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांत सापडते.

कृश बाळाच्या अंगातील चरबी

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास हाती घेतला. या शेतकरी, कष्टकरी मातांच्या बाळांचे जन्मवेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सरासरी वजन सुमारे ३.५ किलो होते. आपली बाळे सर्वच मापांनी लहान होती; स्नायू कमी, दंडाचा घेर कमी, पोटाचा घेर कमी. परंतु कातडीखालची चरबी, विशेषतः पाठीवरची, त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजनाने हलके आणि चरबीने मात्र भरलेले, असे हे बाळ. या अभ्यासाने भारतीय बाळाच्या या ठेवणीकडे जगाचे लक्ष वेधले.

आपल्या समाजाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. पिढ्यान्‌पिढ्या अपुरे खाऊन कष्ट उपसलेल्या मातांच्या पोटी जन्मलेले मूल टंचाईत तग धरण्याच्या तयारीने जगात येते. त्याच मुलापुढे पुढे अचानक तेल, साखर आणि मैदा यांची रेलचेल झाली, अंगमेहनत घटली, की मधुमेह आणि रक्तदाब त्याला इतरांपेक्षा लवकर आणि कमी वजनावर गाठतात. भूक आणि स्थूलता ही एकमेकींची उलट टोके आहेत, असे आपण समजतो. प्रत्यक्षात कालची भूक आजच्या स्थूलतेचा धोका वाढवते. म्हणून ‘आमच्या मुलांना कसली आली स्थूलता, हा तर श्रीमंतांचा आजार’ असे म्हणून हा विषय बाजूला सारणे धोक्याचे आहे.

बालवयातील स्थूलतेचे परिणाम मोठेपणापर्यंत वाट पाहत नाहीत. यकृतात चरबी साठणे, रक्तदाब वाढणे, झोपेत घोरणे व श्वास अडखळणे, गुडघे दुखणे आणि पूर्वी केवळ प्रौढांत दिसणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह हे सारे शालेय वयातही दिसू लागते. या शारीरिक दुखण्यांच्या जोडीला आणखी एक दुखणे असते आणि ते बहुधा कोणी मोजत नाही. ‘ढोल्या’, ‘जाडी’ अशी हाक ऐकत वाढणारे मूल मैदानावर यायचे टाळते, वर्गात मागे बसते आणि एकटे पडल्यावर पुन्हा खाण्याकडेच वळते.

मुलाला नव्हे, भोवतालाला बदलावे

स्थूल मुलाकडे पाहून आपण सहज म्हणतो की हा फार खातो, हलत नाही. पण त्याच्या हातात नाणे ठेवून त्याला दुकानात कोणी पाठवले? शाळेच्या फाटकाशेजारी कुरकुऱ्यांच्या माळा कोणी टांगू दिल्या? वस्तीतल्या खेळाच्या जागेवर वाहने कोणी उभी केली? ज्वारीची भाकर मागे पडून सकाळच्या न्याहारीला चहात बुडवलेली खारी आणि टोस्ट कसे आले? हे सारे निर्णय मोठ्यांचे आहेत. मूल त्यांच्यात वाढते, इतकेच.

या बाबतीत उत्तर फ्रान्समधील दोन लहान गावांचा अनुभव जगभर अभ्यासला गेला आहे. फ्लर्बे आणि लाव्हँती या गावांत १९९२ साली शाळांमधून मुलांना आहाराचे शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. पहिली काही वर्षे काम मुख्यतः शाळेपुरते होते आणि त्या काळात मुलांमधील अतिवजन थांबले नाही, वाढतच राहिले. पुढे काम शाळेच्या भिंतीबाहेर पडले. आहारतज्ज्ञ व क्रीडाशिक्षक नेमले गेले. नगरपालिका, डॉक्टर, दुकानदार, क्रीडामंडळे आणि कुटुंबे असे अवघे गाव त्यात उतरले. २००४ साली तेथील ८.८ टक्के मुले अतिवजनाची आढळली. तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या गावांत हेच प्रमाण १७.८ टक्के होते. तुलनेची गावे अखेरीसच मोजली गेल्यामुळे या आकड्यांवर फार मोठा निष्कर्ष उभारू नये. तरीही काम वर्गाबाहेर आणून गावाच्या हाती द्यावे आणि त्याला पुरेशी वर्षे द्यावीत, हा बोध त्यातून निश्चित घेता येतो. याच अनुभवातून २००४ साली फ्रान्समधील दहा गावांत ‘एपोड’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो इतर देशांतही गेला.

आपल्या परंपरेतही याच्याशी जुळणारी एक कथा आहे. कोसलनरेश प्रसेनजित अतिशय जेवत असे आणि जेवणानंतर धापा टाकत भगवान बुद्धांकडे येत असे. संयुक्त निकायातील या प्रसंगात भगवंतांनी राजाची निर्भर्त्सना केली नाही. मात्रा जाणून खाणाऱ्याचे कल्याण सांगणारी गाथा त्यांनी ऐकवली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करून आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले. राजाचा आहार हळूहळू मापात आला. या कथेत उपदेशापेक्षा व्यवस्था महत्त्वाची आहे. योग्य वेळी, ताटापाशी, आठवण देणारे आपले माणूस राजाच्या जवळ होते. मुलाला तर अशा माणसांची गरज त्याहून अधिक आहे.

मेळाव्याची तयारी

मेळाव्यासाठी किमान सहा आठवडे आधी समिती नेमावी. तीत शिक्षक, दोन माता, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील एक कर्मचारी, वस्तीतील आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडीसेविका, एक-दोन माजी विद्यार्थी आणि वरच्या वर्गातील मुलगे-मुली असावेत. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा समावेश अनेकदा राहून जातो. वास्तविक मुलांच्या ताटात काय पडते हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी पत्र द्यावे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यांच्या दौऱ्याशी मेळाव्याची तारीख जुळली तर उत्तम.

दिवस निवडताना ऋतूचा विचार व्हावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मुलांना मैदानावर धावायला लावणे जिवावर बेतू शकते. डिसेंबर-जानेवारीतील रविवारची सकाळ, सात ते अकरा, ही वेळ सोयीची. निवासी शाळेत तो पालकभेटीचा रविवार असेल, तर पालकांना वेगळी मजुरी बुडवून यावे लागणार नाही. पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह यांची सोय आधी पाहावी, मंडपाची नंतर.

खर्चासाठी देणगी घेताना एक पथ्य पाळावे. शीतपेये, पाकीटबंद खाऊ किंवा गोळ्या-बिस्किटे विकणाऱ्यांकडून फलक वा फुकट वाटपाच्या बदल्यात पैसे घेऊ नयेत. ज्या सवयीविरुद्ध मेळावा आहे, तिचीच जाहिरात मंडपावर झळकणे शोभणारे नाही.

मेळाव्याच्या नावात ‘लठ्ठपणा’ हा शब्द असू नये. ‘बालआरोग्य मेळावा’ किंवा ‘खेळ आणि आहार मेळावा’ असे साधे नाव द्यावे. त्यात जाडी-बारीक असा भेद न करता सर्व मुलांना बोलवावे. कृश मुलालाही तेथे तितकेच काम आहे.

मेळाव्यातील पाच कोपरे

पहिला कोपरा मोजमापाचा. येथे पडदा असावा. एका वेळी एकच मूल आत यावे. पादत्राणे काढून, टाचा व पाठ भिंतीला टेकवून उंची घ्यावी. सपाट फरशीवर ठेवलेल्या काट्यावर वजन घ्यावे. पालकांची संमती आधी घेतलेली असावी. आकडा मोठ्याने उच्चारू नये, भिंतीवर यादी लावू नये, निकाल बंद पाकिटात पालकांच्या हाती द्यावा. ध्वनिक्षेपकावरून ‘सर्वांत जास्त वजन कोणाचे’ असा विनोद करणारा सूत्रसंचालक सहा महिन्यांच्या कामावर एका क्षणात पाणी ओततो. वजन कमी केल्याबद्दल बक्षीस देणेही अनुचित आहे. त्यातून मुले उपाशी राहायला शिकतात. वाढत्या मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा वजन उतरवणे हे उद्दिष्ट नसतेच. वजन स्थिर ठेवून उंचीला पुढे जाऊ द्यावे, एवढे पुरते. कोणत्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे हे आरोग्य कर्मचाऱ्याने ठरवावे. मानेच्या मागे किंवा काखेत काळसर, जाड, मखमलीसारखा पट्टा दिसत असेल, तर तो मळ नव्हे. अनेक माता तो दगडाने घासून काढू पाहतात. इन्सुलिनचे कार्य बिघडू लागल्याची ती खूण असू शकते. सतत तहान लागणे, रात्री जोराने घोरणे, गुडघा वा कंबर दुखणे यांचीही नोंद घ्यावी.

दुसरा कोपरा मैदानाचा. मेळाव्याचा निम्मा वेळ येथेच जावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे खेळ खेळावेत. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. लंगडी, खो-खो, लगोरी, आट्यापाट्या, दोरीवरच्या उड्या, विषामृत हे खेळ आपल्याच अंगणातले आहेत. मात्र पहिला-दुसरा नंबर काढणाऱ्या शर्यती शक्य तेवढ्या टाळाव्यात. त्यांत जे मूल सर्वांत अधिक खेळायला हवे तेच पहिल्या फेरीत बाद होऊन कडेला बसते. ‘बाद’ झालेल्याला पुन्हा डावात घेणारे नियम करावेत. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथील एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिकेने रोज पंधरा मिनिटे सर्व मुलांनी आपापल्या गतीने पळावे किंवा चालावे असा साधा परिपाठ सुरू केला. त्यात ना गणवेश बदलायचा, ना स्पर्धा. तो आज अनेक देशांतील शाळांत पोहोचला आहे.

मुलींचा विचार येथे वेगळा करावा लागतो. तेरा-चौदा वर्षांच्या झाल्या की आपल्या पुष्कळ मुली मैदानावरून नाहीशा होतात. लोक काय म्हणतील ही भीती, पाळीच्या दिवसांतील गैरसोय आणि घरकामाचा भार त्यांना घरात बसवतो. त्यांच्यासाठी स्त्री-क्रीडाशिक्षिका, स्वतंत्र वेळ आणि सुटसुटीत पोशाखाची मोकळीक द्यावी. माता स्वतः लंगडीच्या डावात उतरल्या, तर मुलींना वेगळे काही सांगावे लागणार नाही.

तिसरा कोपरा साखरेचा. येथे भाषण नको, चमचा हवा. बहुतेक गोड शीतपेयांत १०० मिलिलिटरमागे सुमारे १० ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम, पाच लहान चमचे. रिकाम्या काचेच्या पेल्यात मुलांनीच पाच चमचे साखर मोजून टाकावी आणि तो पेला बाटलीशेजारी ठेवावा. रोज सुमारे २००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढाने बाहेरून मिळणारी साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. मोठ्या माणसाचा दिवसभराचा वाटा लहान मूल एका दमात पिते, हे पेला पाहून आजीलाही कळते. पाकिटावरील मजकूर कसा वाचावा, हेही येथेच शिकवावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले. आपली शाळा कोणत्याही मंडळाची असो, असा फलक मुले स्वतः तयार करू शकतात.

चौथा कोपरा चुलीचा. येथे वसतिगृहातील स्वयंपाकी आणि वस्तीतील माता मिळून चार-पाच पदार्थ करून दाखवतील: ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची किंवा मेथीची भाजी, मुगाचे धिरडे, मटकीची उसळ, उकडलेले अंडे, भाजलेले फुटाणे. सोबत हंगामातील संत्री, पेरू, बोरे असावीत. आहाराविषयी बोलताना आपल्या लोकांच्या खाण्याला नावे ठेवली जाणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. अंडी, मासळी, सुकट हे आपल्या घरातील स्वस्त आणि सकस प्रथिनांचे पदार्थ आहेत. त्यांविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. बदल हवा तो तेलाच्या धारेत, मिठाच्या चिमटीत आणि ताटातील भाज्या-डाळींच्या वाट्यात. भाताचा डोंगर आणि त्यावर पातळ वरण, या ताटाने पोट भरते, पण अंगाला जे हवे ते पुरेसे मिळत नाही.

पाचवा कोपरा झोपेचा आणि मोबाइलचा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रात्री ९ ते १२ तास आणि किशोरांना ८ ते १० तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे पालकांना सहसा ठाऊक नसते. जेवताना मोबाइल पाहणारे मूल किती खाल्ले हे विसरते. ताटापाशी मोबाइल नाही, हा नियम मुलांपुरता ठेवला तर टिकत नाही. वडिलांनीही तो पाळला पाहिजे.

पालकभेटीची पिशवी आणि सणाचे ताट

निवासी शाळेपुढील एक नाजूक प्रश्न येथे मांडणे आवश्यक आहे. महिनाभर लेकराचे तोंड न पाहिलेली आई भेटीला येताना पिशवी भरून खाऊ आणते: फरसाण, वेफर्स, क्रीमची बिस्किटे, थंड पेयाची मोठी बाटली. त्या पिशवीत तिची माया असते आणि तिच्या स्वतःच्या बालपणात न मिळालेल्या गोष्टींची भरपाईही असते. तिच्या हातातील पिशवी फाटकावर अडवणे हा उद्धटपणा ठरेल. त्याऐवजी शाळेने प्रवेशाच्या वेळीच खाऊची एक छोटी यादी पालकांना द्यावी: शेंगदाण्याचे लाडू, चुरमुऱ्याचा घरचा चिवडा, राजगिऱ्याची वडी, ऋतूतील फळे. आणि भेटीच्या दिवशी मैदान खुले ठेवावे. मुलाबरोबर तासभर खेळलेली आई त्याला पिशवीपेक्षा मोठा खाऊ देऊन जाते.

हीच गोष्ट आपल्या सार्वजनिक उत्सवांची. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत उन्हात चालणाऱ्या मुलांना रंगीत पेये वाटण्यामागे सेवाभाव असतो. त्याच सेवाभावाने थंड पाणी, ताक, कलिंगडाच्या फोडी वाटता येतात. बुद्धपौर्णिमेची खीर आपल्याला प्रिय आहे आणि ती राहावी. ती लहान वाटीत, कमी साखरेची असली, तरी तिचे पावित्र्य उणावत नाही. वाढदिवसाला वर्गभर गोळ्या वाटण्याऐवजी वर्गाला एक चेंडू किंवा दोरी भेट दिली, तर ती वर्षभर उपयोगी पडते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांत अतिमेद, अतिमीठ आणि अतिसाखरेचे पदार्थ विकण्यास मनाई केली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. मात्र फाटकाशी गाडी लावणारा माणूस बहुधा आपल्याच वस्तीतला, हातावर पोट असलेला असतो. त्याला हुसकावण्यापूर्वी समितीने त्याच्याशी बोलावे. उकडलेले चणे, मक्याचे कणीस, कापलेली फळे विकली तर मुले व पालक ती घेतील, असा शब्द त्याला द्यावा आणि पाळावा.

मेळाव्यानंतर

एका दिवसाच्या मेळाव्याने कोणाचेही वजन बदलत नाही. तो दिवस म्हणजे केवळ आरंभ आहे. त्या दिवशी सायंकाळी समितीने पुन्हा बसावे आणि वर्षभर पाळता येतील असे तीनच ठराव करावेत. उदाहरणार्थ: रोज सायंकाळी सर्व मुलामुलींचा एक तास खेळ, कोणत्याही परीक्षेच्या दिवसांतही, भोजनगृहात रोज एक पालेभाजी किंवा कडधान्य आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फळ, आणि दर तीन महिन्यांनी उंची-वजनाची खासगी नोंद. दहा ठराव केले तर एकही टिकत नाही.

यश मोजतानाही काट्यावर विसंबू नये. अशा कामाचा शरीरावरील परिणाम सावकाश दिसतो आणि तो लहान असतो. त्याऐवजी सोपे प्रश्न विचारावेत. मागच्या आठवड्यात किती मुलींनी मैदानावर पाय ठेवला? भोजनगृहातील तेलाचा महिन्याचा वापर किती घटला? पालकभेटीनंतर कचऱ्याच्या डब्यात किती रिकामी पाकिटे सापडली? कृश मुलांपैकी कितींची उंची-वजने आलेखावर वर सरकली? या उत्तरांची वही पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात पालकांपुढे उघडावी. तीत कोणा मुलाचे नाव नसावे.

माजी विद्यार्थ्यांचा वाटा येथे फार मोठा आहे. आपल्यापैकी कोणी परिचारिका आहे, कोणी पोलीस, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी डॉक्टर. वर्षातून एक देणगी धाडण्याबरोबर वर्षातून चार सकाळी मैदानासाठी देणे प्रत्येकाला शक्य आहे. ज्याच्या शेतात भाजी पिकते त्याने पोतेभर भाजी आणावी. ज्याला खो-खो येतो त्याने डाव शिकवावा. जो आलेख वाचू शकतो त्याने नोंदवही तपासावी. आणि ज्याला वसतिगृहात असताना जाड किंवा काटकुळा म्हणून चिडवले गेले होते, त्याने ते शब्द आज त्या आवारात कोणी उच्चारणार नाही, एवढे पाहावे.

कोणतेही मूल उपाशी झोपता कामा नये, हे ब्रीद आपल्या आधीच्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन जपले. त्या कष्टांतून आलेली समृद्धी पुढच्या पिढीच्या रक्तवाहिन्यांत साचून राहू नये, तिने त्यांच्या पायांत बळ आणावे, हे पाहण्याची पाळी आता आपली आहे. त्यासाठी एक रविवार, एक मोकळे मैदान, पडद्याआडचा एक वजनकाटा आणि मुलांबरोबर धावायला तयार असलेली थोडी मोठी माणसे, एवढी सामग्री पुरेशी आहे.